झिको: मुलांना काय सांगायचं, काय करून घ्यायचं (सोसायटी फुटबॉल ग्रुप)

साठे (बी-२०३): सुट्टीतल्या फुटबॉल बॅचला या रविवारी एका खेळाडूची ओळख करून द्यायची आहे. ब्राझीलचा झिको ठरलाय. मुलं बारा ते पंधरा वयाची. नुसती माहिती नको, टर्फवर करून घेता येईल असंही काही हवं. ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

कामत काका (ए-७०१): उत्तम निवड. पूर्ण नाव आर्तुर आंतुनेस कोइंब्रा, जन्म ३ मार्च १९५३, रिओ दि जानेरोमधल्या किंतिनो भागातला. सुरुवात त्याच्या अंगकाठीपासून करा. रिओच्या फ्लामेंगो क्लबच्या युवा संघात आला तेव्हा पोरगा इतका किडकिडीत होता की धक्का लागला तर पडेल. क्लबने त्याचा आहार ठरवून दिला, वजनांचा व्यायाम लावला आणि तो घाई न करता बराच काळ चालवला. पायातली कला होतीच, ती नव्वद मिनिटं टिकवणारं शरीर मागाहून घडवलं गेलं. आपल्या बॅचमधल्या बारीक मुलांना हे ऐकवाच.

त्यानंतर थेट १९८१ वर या. कोपा लिबर्तादोरेसची, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लब स्पर्धेची, फायनल चिलीच्या कोब्रेलोआ क्लबशी होती. रिओत २-१, सांतियागोत ०-१, म्हणून तिसरा सामना मोंतेव्हिदेओला झाला आणि फ्लामेंगो २-० जिंकला. तिन्ही सामन्यांतले फ्लामेंगोचे चारही गोल झिकोचे. महिनाभरात, १३ डिसेंबरला टोकियोत युरोपच्या विजेत्या लिव्हरपूलला ३-० हरवलं. त्या दिवशी त्याने स्वतः एकही गोल केला नाही. नुनेसने दोन आणि आदिलिओने एक केला, तरी सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू झिकोच. गोल न करता सामना कसा जिंकून द्यायचा, हे दाखवायला याहून चांगली क्लिप मिळणार नाही.

देशमुख (सी-१०२): पण वर्ल्ड कप एकही नाही. मुलं पहिला प्रश्न तोच विचारतील.

कामत काका (ए-७०१): विचारू देत. तीन वर्ल्ड कप खेळला आणि तिन्हींचं उत्तर वेगळं आहे. १९७८ ला स्वीडनविरुद्ध १-१ असताना कॉर्नरवर त्याने हेडरने गोल केला. चेंडू हवेत असतानाच वेळ संपली, असं म्हणून रेफ्री क्लाइव्ह थॉमस यांनी तो नाकारला.

१९८२ ला प्रशिक्षक तेले सांताना यांचा संघ. झिको, सॉक्रेटिस, फाल्काओ, सेरेझो अशी मधली फळी. ५ जुलैला बार्सिलोनातल्या सारिया मैदानावर इटलीशी उपांत्य फेरीसाठी नुसती बरोबरी पुरली असती. हरले २-३, तिन्ही गोल पाओलो रोस्सीचे. दुसरा गोल बघताना क्लिप थांबवा: सेरेझोने स्वतःच्या गोलासमोरून आडवा पास दिला, रोस्सीने तो मध्येच उचलला. बचावफळीसमोर आडवा, हळू पास का द्यायचा नाही, याचा दुसरा पुरावा शोधायला नको. झिकोला इटलीच्या जेंतिलेने इतकं घट्ट धरलं होतं की जर्सी फाटली.

१९८६ ला तो गुडघ्याच्या गंभीर दुखापतीतून सावरत होता. १९८५ मध्ये बांगू क्लबविरुद्धच्या सामन्यात झालेल्या टॅकलमुळे त्या पायाचं फार नुकसान झालं होतं. क्वार्टर फायनलला फ्रान्सविरुद्ध बदली म्हणून उतरला, लगेच ब्रांकोला अप्रतिम थ्रू पास दिला, त्यातून पेनल्टी मिळाली आणि ती त्यानेच घेतली. गोलकीपर बाट्सने अडवली. बाकावरून नुकत्याच उठलेल्या खेळाडूने पेनल्टी घ्यावी का, याची चर्चा आजही होते. माझं मत: घेऊ नये. ज्याचे पाय गरम आहेत, चेंडूला चारपाच वेळा तरी नीट लागलेत, त्याने घ्यावी. बरोबरीनंतरच्या पेनल्टी शूटआउटमध्ये मात्र झिकोने गोल केला. हुकले ते सॉक्रेटिस आणि जुलिओ सेझार.

गोखले सर (ए-३०५): आता टर्फचं. झिको म्हणजे फ्री किक. १९८३-८४ ला इटलीत उदिनेसेकडून २४ सामन्यांत १९ गोल केले, त्या मोसमात सर्वाधिक गोल करणाऱ्या प्लातिनीहून एकच कमी, आणि त्यांतले बरेच फ्री किकवर आले. सराव संपल्यावर तो गोलपोस्टच्या वरच्या कोपऱ्यात जर्सी टांगून तिच्यावर नेम धरायचा. आपणही तेच करायचं. दोन जुने टीशर्ट आडव्या बारला, दोन्ही टोकांना बांधा.

उजव्या पायाने मारणाऱ्याने चेंडूमागे तिरकस, साधारण ४५ अंशांत उभं राहायचं. तीनचार पावलं पुरेत. डावा पाय चेंडूच्या बाजूला एका वितीवर टेकतो. चेंडूच्या पुढे गेला तर फटका दाबला जातो, मागे राहिला तर चेंडू बारवरून जातो. चेंडूच्या मध्याच्या किंचित खाली आणि उजव्या बाजूला अंगठ्याच्या मुळाच्या हाडाने मारायचं, पाऊल ताठ, घोटा घट्ट. फटक्यानंतर पाय थांबवू नका, अंगासमोरून डावीकडे जाऊ द्या. त्यानेच चेंडूला फिरकी मिळते.

बहुतेक मुलांची चूक एकच असते, पाठ मागे टाकून जोर लावतात. झिकोचा फटका जोराचा नव्हता. बचावपटूंच्या भिंतीवरून जेमतेम जायचा आणि खाली उतरायचा. मुलांना सांगा, सत्तर टक्के ताकद, पूर्ण लक्ष स्पर्शावर.

साठे (बी-२०३): सर, अंतर किती ठेवू? आणि भिंत कुणाची?

गोखले सर (ए-३०५): नियमाची भिंत ९.१५ मीटरवर असते. आपल्या लहान टर्फवर चेंडू गोलपासून १३-१४ मीटर आणि भिंत ६ मीटरवर ठेवा. भिंतीत मुलं अजिबात उभी करू नका, जवळून तोंडावर बसतो. कपडे वाळत घालायचे दोन स्टँड उभे करा, त्यावर जुनी चादर. मागे वाळूची पिशवी बांधा, नाहीतर वाऱ्याने पडतील.

बारा वर्षांपर्यंत चार नंबरचा चेंडू, पुढे पाच नंबर. हवा फार कडक भरू नका. अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबला पाहिजे, नाहीतर पायाला चिकटतच नाही आणि फिरकी बसत नाही. बूट छोट्या रबरी गुट्ट्यांचे, टर्फवर लांब स्टड अडकून गुडघा पिळतो.

एका मुलाला दहा फटके, थोडी विश्रांती, परत दहा. आठवड्यातून दोनदा, बस. या वयात टाच किंवा जांघ दुखली तर त्या दिवशी बंद. आणि आधी धावून अंग गरम केल्याशिवाय एकही फटका नाही.

नाईक (सी-४०४): खेळाडू झिको झाला. कोच झिकोही सांगा, कारण तो आपल्या शेजारी येऊन गेलाय. २०१४ ते २०१६ इंडियन सुपर लीगमधल्या एफसी गोवाचा कोच होता. त्याआधी २००४ ला जपानचा कोच म्हणून कोलकात्यात आला होता, वर्ल्ड कप पात्रता सामन्यात भारताला ४-० हरवून गेला.

देशमुख (सी-१०२): कोच म्हणून फार काही जमलं नाही असंच वाचलंय.

नाईक (सी-४०४): अर्धवट आहे ते. २००४ चा आशिया कप जपानने त्याच्या हाताखाली बीजिंगला चीनला ३-१ हरवून जिंकला. फेनेरबाचेला २००६-०७ ची तुर्की लीग दिली, पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीगच्या क्वार्टर फायनलला नेलं. तिथे चेल्सीला इस्तंबूलमध्ये २-१ हरवलं, लंडनमध्ये ०-२ ने गेले. गोव्यातही २०१५ ला लीगमध्ये अव्वल आणि मुंबई सिटीला ७-०. त्यात हाओकिप आणि डुडू दोघांच्या हॅटट्रिक. मंदार राव देसाई, रोमिओ फर्नांडिस ही गोव्याची मुलं त्याच्या संघात पुढे आली. रोमिओ तर २०१५ मध्ये लोनवर ब्राझीलच्या अ‍ॅटलेटिको पारानाएन्सेकडे गेला.

उणं काय ते पण सांगतो: आघाडी राखणं. २००६ वर्ल्ड कपला जपान ऑस्ट्रेलियाविरुद्ध ८४व्या मिनिटापर्यंत १-० पुढे होता, हरला १-३. कडक उन्हात खेळाडू दमलेले, समोर उंच पर्यायी खेळाडू उतरलेले. अशा वेळी त्याने पुढचा यानागिसावा काढून ओनोला मध्यात आणलं. चेंडू राखायचा बेत होता, पण समोरून लांब उंच चेंडू येत होते आणि ते अडवायला मागे माणूस कमी पडला.

कामत काका (ए-७०१): नाईक, यात जपानमधलं काशिमा राहिलं, आणि माझ्या मते झिकोचं सगळ्यात मोठं काम तेच. १९९१ ला तो सुमितोमो मेटल्स या पोलाद कंपनीच्या दुसऱ्या श्रेणीच्या संघात गेला. ब्राझीलचा तारा, वय ३८, समोर इबाराकी प्रांतातलं लहान गाव. त्याने फक्त गोल केले नाहीत, तर सरावाची वेळ, हरल्यावरची वागणूक, बुटांची निगा, सगळ्याची शिस्त लावली. तोच संघ पुढे काशिमा अँटलर्स झाला. १६ मे १९९३ ला जपानच्या जे-लीगमधल्या आपल्या पहिल्याच सामन्यात नागोयाविरुद्ध ५-०, त्यात झिकोची हॅटट्रिक. २०१६ पर्यंत क्लबने आठ वेळा जे-लीग जिंकली आणि त्याच वर्षी क्लब वर्ल्ड कपच्या फायनलला रेआल माद्रिदला जादा वेळेपर्यंत ओढलं. २०१८ ला आशियाई चॅम्पियन झाले तेव्हा झिको टेक्निकल डायरेक्टर म्हणून परत तिथे होता. एका मोसमाच्या निकालावर त्याला तोलणारे हे धरतच नाहीत.

डिसोझा काकू (बी-५०१): एफसी गोवाची फातोर्ड्याची ती लीग फायनल मुलांना दाखवायची का? ती आठवली की अजून वाईट वाटतं.

नाईक (सी-४०४): नक्की दाखवा काकू. २० डिसेंबर २०१५, समोर चेन्नईयिन. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने गोव्याला २-१ केलं. ९०व्या मिनिटाला गोलकीपर कट्टीमनीकडून स्वयंगोल, ९२व्याला चेन्नईयिनच्या मेंडोझाचा गोल, २-३. ८७व्या मिनिटाला क्लिप थांबवा आणि मुलांना विचारा, आता काय कराल? उत्तरं अशी यायला हवीत: गोल साजरा करून लगेच आपापल्या जागी परत, चेंडू मिळाला की समोरच्या कॉर्नर फ्लॅगकडे न्यायचा, आपल्या पेनल्टी भागाजवळ फाउल द्यायचा नाही, मधले दोघे बचावफळीसमोरून हलायचे नाहीत, आणि उंच चेंडूवर गोलकीपरने मोठ्याने ओरडून सांगायचं की तो येतोय. मग टर्फवर सहा विरुद्ध सहा खेळवा, एका संघाला एक गोलची आघाडी, घड्याळात तीन मिनिटं. दर वेळी आघाडीचा संघ बदला. दोन मिनिटांनंतर मुलं चेंडू उगाच लांब मारायला लागतात, तिथे शिट्टी वाजवून थांबवा आणि तोच चेंडू परत पायात देऊन खेळवा.