अनुभव धागा: हाताशी असेल तो कॅमेरा

तुळसवाली
दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर बाबांचा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा सापडला. कातडी केसला बुरशी आलीये, पण कळ अजून टक् वाजते. त्याला लागणाऱ्या रोलचं माप '१२०', पण त्यावर फोटो फक्त १२. पाठीमागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा दिसेपर्यंत चावी फिरवायची. बाबा आम्हाला नवे फ्रॉक घालून अंगणात उभं करायचे, मागे जायचे, बाजूला जायचे आणि कॅमेरा खाली घ्यायचे. "आत्ता नको, डोळ्यांखाली काळं पडतंय. चार वाजता." आम्ही चारपर्यंत फ्रॉक सांभाळत बसायचो.

परवा लेकीचे फोनवर ६१ फोटो काढले, एक धड नाही. म्हणून आता नियम केलाय: दिवसाला बारा, आणि रात्रीपर्यंत बघायचे नाहीत. काल तुळशीचा काढताना मागे वाळत घातलेले कपडे मध्ये येत होते. खाली फतकल मारून बसले तर कपडे वृंदावनामागे गेले, वर नुसतं आभाळ. इतकी वर्षं उभ्यानेच काढत होते!

तुमचे अनुभव लिहा. कॅमेरा कुठलाही चालेल.

रिकामा_रोल
मावसभावाचं लग्न. ३६ चा रोल, मी ३९ वा काढला तेव्हा शंका आली. रोल चक्रीत अडकलाच नव्हता. मावशी अजून विषय काढते.

घाटपायथा
@रिकामा_रोल 😂 चावी ओढताना डावीकडची गुंडाळायची खुंटी फिरतेय का बघायचं हो. ती फिरत नसेल तर रोल जागच्या जागी. मला हे कळलं तेव्हा शाळेचं गॅदरिंग आटोपलं होतं.

हायपोचा_वास
कॉलेजात असताना स्टुडिओत डार्करूमला हाताखाली होतो. लाल दिवा, तीन ट्रे, आणि घरी आल्यावर आई म्हणायची आधी हात धू. मालकांकडे पुठ्ठ्याचे दोन काटकोन होते, एल आकाराचे. वाया गेलेली प्रिंट समोर टाकून म्हणायचे, "यातला फोटो शोध." ते काटकोन प्रिंटवर सरकवत बसायचो. वरात असायची दीडशे माणसांची. सरकवता सरकवता उरायचं काय, तर बँडवाल्याचा फुगलेला गाल आणि त्याच्याकडे आ वासून बघणारं पोर. असं वर्षभर केलं. नंतर कॅमेरा हातात आला तेव्हा काटकोन डोळ्यातच बसले होते. आधी कडा बघतो, मग माणूस. डोक्यातून खांब उगवत नाही त्यामुळे.

उजेड मोजायचं मीटर मालकांच्या कॅमेऱ्यात नव्हतंच. "कडक ऊन, शंभरचा रोल: सोळा नि सव्वाशे." म्हणजे रोलचा वेग १००, भिंगाचं छिद्र f/16 आणि पडदा उघडा १/१२५ सेकंद. बस.

उन्हाळी_आंबा
मस्त लिहिलंय. आजीचं पांढरं लुगडं माझ्या फोटोत कायम मळकं येतं, ते का?

हायपोचा_वास
कॅमेरा समोरचं सगळं करड्या रंगाचंच आहे असं धरून चालतो. पांढरं जास्त दिसलं की उजेड कमी करतो. फोनवर बोट टेकवून सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवा. बगळ्यांचंही हेच. काळ्या म्हशीला उलटं.

उन्हाळी_आंबा
आजीला म्हशीशेजारी बसवू का 😄 पण जमलं! थँक्यू दादा.

बर्फातला_मराठी
आम्ही स्टॉकहोमला. डिसेंबरात "चार वाजता" म्हटलं तर मिट्ट काळोख. इथे खिडकीचा उजेड वापरायला शिकलो. माणसाला खिडकीकडे तिरकं बसवायचं, घरातले दिवे बंद. बायको म्हणते वीजबिल वाचवतोय.

कोकणकडा२
कोणी लेन्सच्या बुरशीबद्दल सांगा ना. पावसाळ्यात पार जाळं धरलंय. तांदळाच्या डब्यात ठेवलाय.

घाटपायथा
तांदळातून काढा आधी! पीठ आत जाईल. घट्ट झाकणाचा डबा नि सिलिका जेलच्या पुड्या. आणि कातडी केसमध्ये अजिबात नको, ती ओल धरते.

कोकणकडा२
काढला. त्या तांदळाची खिचडी टाकली 🙈

रिकामा_रोल
तुळसवाली, क्लिक थ्री विकणार का?

तुळसवाली
छे हो! बाबा शेजारच्या खोलीत आहेत, ऐकतील. कातडी केस मात्र आत्ताच बाहेर काढते.

उन्हाळी_आंबा
ताई, तो तुळशीचा फोटो तरी टाका.

तुळसवाली
तो हलला होता गं. परत काढायचा तर आजचे बारा संपलेत. उद्या.