घरभर एकच आवाज : एफएम ट्रान्समीटर खरंच बाद झालाय का?

लॅमिंग्टन_रोड
काल इथे एकाने लिहिलं, "लॅपटॉपचा आवाज घरभर न्यायला एफएम ट्रान्समीटर म्हणजे विकतची खरखर. ब्लूटूथ स्पीकर घ्या आणि मोकळे व्हा." हे तसंच सोडून देववत नाही. हा ट्रान्समीटर म्हणजे लॅपटॉपचा आवाज एफएम लहरींवर सोडणारी छोटी डबी; घरातला साधा रेडिओ तो पकडतो. ब्लूटूथला साध्या एसबीसीवर (आवाज दाबून पाठवायची ब्लूटूथची मूळ पद्धत) दीड-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर होतो आणि एका लॅपटॉपला सहसा एकच स्पीकर जोडता येतो. एफएमला उशीर जवळपास नाहीच. स्वयंपाकघर, हॉल, बाल्कनी, तिन्हीकडे साधे रेडिओ लावा. दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभं राहिलं तरी शब्दाचा प्रतिध्वनी ऐकू येत नाही.

खरखर होते ती मांडणी चुकल्यामुळे. मुंबईत ९१.१, ९२.७, ९३.५, ९४.३ मेगाहर्ट्झची स्टेशनं अगदी दाटीने बसलीत, त्यामुळे जागा ८८ ते ८९ मध्ये शोधा. आधी ट्रान्समीटर बंद ठेवून रेडिओचा काटा तिथे न्या. नुसता सपाट फस्स आवाज आला तरच जागा रिकामी. मग प्लेअरचा आवाज पूर्ण ठेवा, सिस्टिमचा निम्मा, आणि हळूहळू वाढवा. 'स' आणि 'श' फाटायला लागले की दोन पायऱ्या खाली या. डेव्हिएशन, म्हणजे आवाजाबरोबर लहरीची वारंवारता जेवढी सरकते ते अंतर, ७५ किलोहर्ट्झच्या पुढे गेलं की रेडिओच्या फिल्टरमध्ये ते मावत नाही, म्हणून हे फाटणं.

वायफाय_मुलुंड
उशिराचा मुद्दा जुना झाला. स्नॅपकास्ट हा प्रोग्रॅम सगळ्या खोल्या वायफायवरून एका तालात ठेवतो. एफएममध्ये १५ किलोहर्ट्झच्या वरचं, म्हणजे अगदी बारीक स्वरांचं, सगळं कापलं जातं, आणि लॅपटॉप चार्जिंगला लावला की गुणगुण सुरू. ही गुणगुण घालवून दाखवा, मग बोलू.

सोल्डर_ताई
दाखवते. अ‍ॅडॅप्टर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. गुणगुण गेली तर तो ग्राउंड लूप: लॅपटॉप आणि ट्रान्समीटर दोघंही भिंतीतून वीज घेतात आणि ऑडिओ केबलची शील्ड त्यांना पुन्हा जोडते. मध्ये ६०० ओहमचा १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला; तो आवाज जाऊ देतो, पण तारांची जोड तोडतो. बॅटरीवरही राहिली तर ट्रान्समीटरचा चार्जर बदला आणि जवळचे एलईडी दिवे एकेक करून बंद करून बघा.

आवाज टोचरा वाटतो त्याचं कारण वेगळंच. आपल्याकडे प्री-एम्फसिस, म्हणजे पाठवताना बारीक स्वरांना दिलेली जादा उचल, ५० मायक्रोसेकंद, अमेरिकेत ७५. बीएच१४१७ या ट्रान्समीटर चिपच्या बोर्डावर ती उचल ठरवणारे कपॅसिटर ३३०० पिकोफॅरडचे असतील तर दोन्ही चॅनेलचे काढून २२०० चे लावा. याच चिपवर स्विचने निवडायच्या १४ फ्रिक्वेन्सींपैकी एक १०७.१ आहे, म्हणजे नेमकं आकाशवाणीचं एफएम रेनबो. तो स्विच तिथे कधीच ठेवू नका.

उंच_तार
एवढं कशाला? ट्रान्समीटरला अँटेना म्हणून ८५ सेंटिमीटरची तार लावा, पाव तरंगलांबी होते. घरच काय, अख्ख्या सोसायटीत ऐकू जाईल. किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या चौथ्या जीपीआयओ पिनेला तार जोडा, ट्रान्समीटरही नको.

परवाना_आहे_का
हा सल्ला ताबडतोब मागे घ्या! २०२३ च्या दूरसंचार कायद्यात रेडिओ उपकरण नुसतं बाळगायलाही अधिकृत परवानगी लागते, सूट जाहीर झालेली असेल तेवढीच सोडून. त्याआधी १८८५ चा टेलिग्राफ कायदा होताच. बिहारमधल्या मनसूरपूरचं राघव एफएम सगळं गाव आवडीने ऐकायचं, तरी २००६ मध्ये ते बंद पाडलं. युरोपात घरगुती ट्रान्समीटरला ५० नॅनोवॅटची मर्यादा आहे आणि तुम्ही सोसायटीभर पोचवायला निघालात.

उंच_तार
मुंबईत मोबाईलच्या टॉवरखाली लोक झोपतात आणि धाक माझ्या तारेचा! कोणाचं काय नुकसान झालंय ते सांगा, कलमं नकोत.

सोल्डर_ताई
नुकसान सांगते. पायची पिन चौकोनी लहर सोडते, मध्ये फिल्टर नाही. ८८.५ वर लावलंत की तिसरा हार्मोनिक, म्हणजे तिप्पट वारंवारतेची नको असलेली लहर, २६५.५ वर निघतो, मूळच्या तिसऱ्या हिश्शाइतक्या व्होल्टेजचा. २२५ ते ४०० मेगाहर्ट्झ हा लष्करी विमानांच्या संपर्काचा पट्टा. कुलाब्याला नौदलाचा शिक्रा तळ, इकडे वस्तीच्या मधोमध सांताक्रूझचा विमानतळ. अशा शहरात उघड्या पिनेला हातभर तार जोडा म्हणून सांगणं हा बेजबाबदारपणा आहे, आणि तो इथे वाचून कोणीतरी करून बसेल.

वायफाय_मुलुंड
म्हणूनच म्हणतो, वायफाय! कायदा नाही, हार्मोनिक नाही.

लॅमिंग्टन_रोड
स्नॅपकास्टला प्रत्येक खोलीत एक छोटा संगणक लागतो. आजोबांच्या उशाशी असलेल्या रेडिओला फक्त काटा लागतो. हा फरक तुम्ही मोजतच नाही.

उंच_तार
पायचं मागे घेतो. हार्मोनिकचं गणित बरोबर आहे. पण तार आखूड ठेवली तर दोन भिंतींपलीकडच्या खोलीत पोचत नाही, ही अडचण खरी आहे. तिला उत्तर द्या.

सोल्डर_ताई
रेडिओ मोनोवर (डाव्या-उजव्याला एकच आवाज) टाका. स्टिरिओला स्वच्छ ऐकू यायला साधारण २० डेसिबल जास्त जोराचा सिग्नल लागतो. तरीही आवाज बुडत असेल तर ट्रान्समीटरला हात लावू नका, रेडिओ सरकवा. भिंतींवरून परतलेल्या लहरींमुळे दर १.७ मीटरला एक खड्डा पडतो, आणि ८० सेंटिमीटर बाजूला बहुतेक भरलेली जागा सापडते. फ्रिजवरचा रेडिओ ओट्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवून बघा.

वायफाय_मुलुंड
एका रेडिओपुरतं मान्य. १५ किलोहर्ट्झचं उत्तर मात्र अजून कोणी दिलेलं नाही.