हळदीच्या परदेशी खरेदीदाराशी बोलायचंय, बिझनेस इंग्रजीसाठी एकट्याचा ऑनलाइन ट्यूटर लावावा का?

हळदवाला_वसमत

नमस्कार मंडळी. मी वसमत तालुक्यातला, जिल्हा हिंगोली. आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, सगळे सभासद हळदवाले, आणि विक्रीचं काम माझ्याकडं. इतकी वर्षं वसमतच्या नाहीतर हिंगोलीच्या यार्डात माल न्यायचा, बीट म्हणजे लिलाव व्हायचा, पट्टी म्हणजे हिशोबाची पावती घेऊन घरी यायचं, एवढाच आमचा व्यापार. २०२४ साली वसमत हळदीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरून विचारणा यायला लागल्या. सध्या नेदरलँड्सच्या एका खरेदीदाराशी बोलणं चालू आहे. माणूस सज्जन आहे, पंधरा दिवसाला व्हिडिओ कॉल करतो. अडतंय ते माझ्या इंग्रजीपाशी.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं तेव्हा मी वरच्या वर्गात गेलो होतो, त्यामुळं आम्हाला ते पाचवीलाच भेटलं. वाचलेलं कळतं. वेळ दिला तर लिहितोही. पण कॉलवर मी त्याच्या पहिल्या वाक्याचा अर्थ लावेपर्यंत त्याचं तिसरं वाक्य झालेलं असतं.

मागच्या हंगामात काय झालं ते सांगतो. त्याचा मेल आला की ट्रायलसाठी २.५०० किलो पाठवा. मी अडीच किलो समजलो. एकसारखी हळकुंडं हातानं निवडली, डबल पॉलिश केली, चांगल्या खोक्यात भरून कुरिअरनं पाठवली. तीन आठवड्यांनी कॉलवर त्यानं विचारलं, माल कधी निघणार? तेव्हा कळलं की त्यांच्याकडं हजाराच्या जागी टिंब देतात आणि दशांशाला स्वल्पविराम. त्याला अडीच हजार किलो पाहिजे होती, पंचवीस क्विंटल! आम्ही तो लॉट तोवर यार्डात विकून मोकळे झालो होतो. अकरा शेतकऱ्यांचा माल होता त्यात. मला धड सांगताही आलं नाही की गैरसमज कसा झाला, नुसतं "सॉरी सर, सॉरी सर" म्हणत राहिलो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्याआधी एका ऑनलाइन क्लासला पैसे भरून बसलो होतो. एका वेळी चाळीसजण, माइक बंद. "टेल मी अबाउट युवरसेल्फ", मुलाखत, विमानतळ, हॉटेलची खोली. तीन महिन्यांत आमच्या कामाचं एक वाक्य आलं नाही.

आता कुणी म्हणतंय एकट्याचा ट्यूटर लाव. कुणी लावलाय का? भारतीय घ्यावा का गोरा? आठवड्याला किती वेळ? गावात रेंज जाते-येते, आणि दिवसा मी यार्डात असतो, रात्री नऊनंतरच मोकळा. पैसा सभासदांचा आहे, म्हणून विचारून पाऊल टाकायलोय.

जालना_ट्रान्सपोर्ट

भाऊ, स्पष्ट बोलतो. मेल तर आजकाल मोबाइलच लिहून देतो. मराठीत बोला, इंग्रजीत टाइप होऊन येतं. त्याला ट्यूटर कशाला?

दुसरं म्हणजे एफओबी, सीआयएफ असले निर्यातीच्या सौद्यातले शब्द ट्यूटरकडून शिकायला जाऊ नका. ते क्लिअरिंग एजंटाकडून, म्हणजे कस्टमची कागदपत्रं करून देणाऱ्याकडून, समजून घ्या. एफओबी म्हणजे न्हावा शेवा बंदरात माल जहाजावर चढेपर्यंत जबाबदारी तुमची. सीआयएफ असलं की त्यांच्या रॉटरडॅम बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा तुम्ही भरायचा, पण मालाची जोखीम तिथंही जहाजावर चढल्यावर खरेदीदाराकडंच जाते. इथं भलेभले चुकतात. तुम्ही आधी हे पक्कं करा.

वाळूज_क्वालिटी

दादा, तुमचं वाचून मला माझा एक कॉल आठवला.

मी वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. माहेर पैठण तालुक्यात, शिक्षण मराठीतच. चार वर्षांपूर्वी एका जर्मन कस्टमरचा कॉल होता. आमच्या जॉबला भोकाच्या कडेला बर, म्हणजे धातूची टोचणारी कड, राहिली होती, दोन पेट्या रिजेक्ट झाल्या होत्या. तो बोलत होता आणि मी "येस, येस" करत होते. आपण मराठीत समोरचा बोलत असताना "हो, हो" म्हणतो ना, तसंच. मला म्हणायचं होतं की ऐकतेय. त्यानं समजून घेतलं की कबूल आहे. संध्याकाळी मिटिंगचे मिनिट्स, म्हणजे काय ठरलं त्याची नोंद, आली: उद्यापासून शंभर टक्के तपासणी, खर्च सप्लायरचा. साहेबांनी विचारलं, हे कुणी मान्य केलं? माझ्याकडं उत्तर नव्हतं.

त्यानंतर मी एकटीचा ट्यूटर लावला. इंग्लंडचे आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. पहिले दोन महिने वाया गेले आणि त्यात चूक माझी होती. मी त्यांना "बिझनेस इंग्लिश शिकवा" एवढंच म्हणाले. ते पुस्तकातून धडे घ्यायला लागले, जाहिरात, कंपन्यांचं विलीनीकरण वगैरे. मला वाळूजच्या लाइनवर त्याचा काय उपयोग?

मग एके दिवशी वैतागून मी आमचा एट-डी रिपोर्टच स्क्रीनवर उघडला. जर्मन गाडीवाल्यांना माल देताना तक्रार आली की हाच कागद भरावा लागतो: दोष काय, मूळ कारण काय, परत होऊ नये म्हणून काय केलं. ट्यूटरनी पहिल्याच ओळीवर विचारलं, बर म्हणजे काय? मला सांगताच येईना. रोज बोटानं चाचपते ती गोष्ट, आणि शब्द नाही! स्वयंपाकघरातून तेलाचा पत्र्याचा डबा आणला, कापलेली कड कॅमेऱ्याला दाखवली, त्यावरून बोट फिरवलं. ते म्हणाले, "आह, इट कॅचेस युवर फिंगर." मग ड्रिल बोथट झालं की काय होतं, आम्ही बर कशी काढतो, गेज कुठं अडकतो, हे सगळं मी त्यांना पाऊण तास समजावलं. आधीच्या दोन महिन्यांत मिळून मी तेवढं बोलले नव्हते. त्यांना कारखान्यातलं काही कळत नव्हतं म्हणूनच हे झालं. कळणाऱ्यापुढं आपण अर्धं वाक्य टाकतो आणि तो उरलेलं समजून घेतो. न कळणाऱ्याला पूर्ण वाक्य द्यावंच लागतं.

म्हणून माझं सांगणं एकच, ट्यूटरला तुमची हळद शिकवा. शेतातून काढल्यापासून पोत्यात भरेपर्यंत. ते भाषा दुरुस्त करत जातील.

जालन्याच्या दादांचं मेलबद्दल म्हणणं बरोबर आहे, मीही मोबाइलची मदत घेते. पण कॉलवर समोरचा थांबत नाही. आणि मोबाइलला २.५०० दिलं असतं तर त्यानंही कदाचित अडीचच वाचलं असतं. तिथं विचारावंच लागतं: "टू पॉइंट फाइव्ह किलो, ऑर टू थाउजंड फाइव्ह हंड्रेड?" हे वाक्य पाठ करू नका, क्लासमध्ये दहा वेळा वापरा. ट्यूटरला मुद्दाम भरभर आकडे बोलायला लावायचं आणि आपण मधेच थांबवायचं. मला माणसाला मधे तोडायची लाज वाटायची, ती अशीच गेली. "येस"च्या जागी आता मी "ओके, गो ऑन" म्हणते, आणि कॉल संपताना "लेट मी रीड धिस बॅक टू यू" म्हणून सगळं परत वाचते.

वेळेचं म्हणाल तर दीड तासाचा एक क्लास घेण्यापेक्षा अर्ध्या तासाचे तीन घ्या. आणि एक लक्षात ठेवा, मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर पुढं जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागं येतात. उन्हाळ्यात नेदरलँड्स आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतं, हिवाळ्यात साडेचार. क्लासची वेळ पण सरकते आणि खरेदीदाराच्या कॉलची पण. माझा एक क्लास ह्यात बुडाला.

लातूर_मास्तर

मी लातूरचा, सहा वर्षं झाली घरून ऑनलाइन इंग्रजी शिकवायलोय. बरेचसे विद्यार्थी नोकरी-धंद्यातले आहेत. वाळूजच्या ताईंनी मुद्द्याचं सांगितलं, मी दुसऱ्या बाजूनं थोडं सांगतो.

भारतीय का गोरा, ह्यात अडकू नका. तुमचा खरेदीदार डच आहे, म्हणजे इंग्रजी त्याचीही शिकलेलीच भाषा. तुम्हाला लंडनचे उच्चार नकोत, त्याला कळेल असं बोलणं पाहिजे. मात्र बाहेरच्या ट्यूटरचा एक फायदा खरा आहे. आपलं भारतीय इंग्रजी मला खटकत नाही, त्याला खटकतं. आपण लिहितो "आय हॅव अ डाउट इन युवर ऑर्डर", आपल्या मनात साधी शंका असते. बाहेरच्या माणसाला वाटतं ह्याचा आपल्यावर विश्वास नाही. तिथं "क्वेश्चन" पाहिजे. "वुई विल रिव्हर्ट", "डू द नीडफुल" हेही तसंच. आकडा लाखात लिहू नका, दहा लाखाचा एक मिलियन होतो ते डोक्यात बसवा. फिफ्टीन आणि फिफ्टीत घोळ वाटला तर "वन फाइव्ह" का "फाइव्ह झीरो" असं सरळ विचारा, विमानवाले पण सुटे आकडेच बोलतात.

अपेक्षा मात्र नीट ठेवा. युरोपात भाषेच्या ए-वन ते सी-टू अशा सहा पातळ्या धरतात. तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही बी-वनच्या आसपास असाल. तिथून बी-टूला जायला शिकवणीचे साधारण दोनशे तास धरतात. आठवड्याला दीड तास घेतला तर तीन महिन्यांत वीस तास होत नाहीत. तेव्हा "तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी" म्हणणाऱ्याकडं जाऊ नका. वीस तासांत तुमचे कॉल, तुमचे मेल, तुमच्या मालाचं वर्णन एवढं पक्कं होऊ शकतं. सभासदांना तेवढंच सांगा, जास्त कबूल करू नका.

ट्रायल क्लासला आपला खरा मेल घेऊन बसा. खरेदीदाराचं नाव आणि भाव आधी झाका, तो धंद्याचा कागद आहे. मग बघा, शिकवणारा तुमच्या कामाबद्दल प्रश्न विचारतो का. तासातला निम्म्याहून जास्त वेळ तोच बोलत असला तर दुसरा शोधा. हे मी माझ्या धंद्याविरुद्ध बोलत असलो तरी खरं आहे. रेंज कमी असली तर व्हिडिओ बंद करून नुसत्या आवाजावर घ्या. वायरचा हेडफोन वापरा. उलट ते चांगलंच आहे, चेहरा दिसला नाही की कान जास्त काम करतात.

हळदवाला_वसमत

सगळ्यांचे आभार. दहा दिवसांनी लिहायलोय, कारण करून बघितल्याशिवाय काय लिहावं.

जालन्याच्या भाऊंच्या सांगण्यावरून नांदेडच्या एका क्लिअरिंग एजंटाकडं जाऊन एफओबीचं समजून घेतलं. तो गोंधळ खरंच होता माझ्या डोक्यात.

तीन ट्यूटरांचे ट्रायल घेतले. एकानं पहिल्याच मिनिटाला व्याकरणातल्या काळांचा तक्ता उघडला. दुसरा चांगला होता, पण वेळ जुळली नाही. तिसऱ्या बाई केरळच्या आहेत, तासाला ७०० रुपये. ताई, तुमचं ऐकून मी त्यांच्यापुढं दोन ताटं ठेवली, एकात हळकुंडं, एकात गड्डे. मला एक्सपोर्टच्या कागदावरून माहीत होतं की हळकुंडाला फिंगर म्हणतात आणि गड्ड्याला बल्ब. बाईंना माहीत नव्हतं. त्यांच्या घरी हळद पूड होऊनच येते. त्यांनी विचारलं, उकडता कशाला? तशीच का वाळवत नाही?

मी बसलो विचार करत. आमच्या घरात तीन पिढ्या हळद शिजवायलेत, पण का, हे कुणी कुणाला सांगितलंच नाही. मग आठवेल तसं बोलत गेलो. रंग आत सारखा बसतो. लवकर वाळते. शिजली का नाही हे काडी टोचून बघतो. काडी आरपार गेली की शिजली. हे सांगताना मी खरंच एक हळकुंड उचललं आणि काडी दाखवली. त्या म्हणाल्या, "सो यू टेस्ट इट विथ अ स्टिक", आणि मी म्हटलं, "येस, इफ द स्टिक गोज थ्रू, इट इज डन." पूर्ण वाक्य, न थांबता. घरचे दारातून ऐकत होते. आई म्हणाली, काय सांगायलास तिला? मी म्हटलं, हळद शिजवायला शिकवायलोय.

परवा कॉल झाला. खरेदीदारानं नव्या हंगामाचं विचारलं, मग एक आकडा बोलला. मी थांबवलं. हात थरथरत होता, पण थांबवलं आणि विचारलं. तो हसला नाही, उलट म्हणाला की चांगलं झालं विचारलंत, आणि कॉल झाल्यावर मेल पाठवला. त्यात आकडा अक्षरी लिहिलाय: टू थाउजंड फाइव्ह हंड्रेड किलोग्रॅम्स.

तो मेल अकराही जणांना दाखवला. काढणी जानेवारीच्या पुढं आहे, तोवर आठवड्याला अर्ध्या तासाचे तीन क्लास ठरवलेत. उद्या लॅबचा रिपोर्ट घेऊन बसायचंय, त्यात ओलावा आणि कुरकुमिनच्या (हळदीला पिवळा रंग देणारा घटक) रकान्यांपुढं काय बोलायचं ते कच्चं आहे अजून. मास्तर, तुमच्याकडं असा कुणी मसालेवाला शिकलाय का? असला तर तो हा रिपोर्ट कॉलवर कसा सांगतो, तेवढं लिहा.