उभं चिरलेलं झाड कसं पाडावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वादळात एका मोठ्या झाडाचा बुंधा बेचक्यापासून खाली उभा चिरलाय. चीर छातीच्या उंचीपर्यंत उतरली आहे. वारा आला की ती उघडमीट करते आणि आतून करकर ऐकू येते. झाड एका अंगाला कललंही आहे. खालची वाट सध्या बंद केली आहे, पण झाड पाडावं तर लागणारच.

खरी धास्ती एकच आहे. कललेल्या झाडाला पुढून खाच घेऊन मागून नेहमीसारखं कापत गेलं, तर काप पूर्ण होण्याआधीच खोड उभं फाटतं आणि मागचा भाग उसळून कापणाऱ्याच्या अंगावर येतो. इथे तर चीर आधीच तयार आहे! म्हणून विचार असा आहे: कापाच्या वर बुंध्याला साखळी किंवा रॅचेटचे (खटक्याने ताणून बसवायचे) पट्टे घट्ट आवळायचे, खाच उथळ घ्यायची, चेनसॉचं पातं मधूनच घुसवून पुढे व्यासाच्या साधारण 10 टक्के जाडीची बिजागरी (न कापलेलं लाकूड, ज्यावर झाड वळून पडतं) राखायची, आणि मागे न कापता ठेवलेली लाकडाची पट्टी सर्वात शेवटी तोडायची. मागे तिरकी पळवाट आधीच साफ करून ठेवणार.

पट्टे नेमके किती आणि कुठे बांधावेत? चीर बिजागरीतूनच जात असेल तर बिजागरी धरेल का? वरचं ओझं आधी उतरवावं असंही वाटतं, पण चिरलेल्या झाडावर माणूस चढवायला मन अजिबात धजत नाही. असं काम स्वतः केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. क्रेनवाल्याकडेच सोपवा, असं असेल तर तेही स्पष्ट सांगा.