मदत हवी आहे: टायबेरियसचं चांदीचं नाणं जुन्या काळातलं मुलाम्याचं की हल्ली बनवलेलं?

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडमध्ये राहते. गेल्या महिन्यात इथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात रोमन सम्राट टायबेरियसचा डिनेरियस (तेव्हाचं चांदीचं नाणं) 80 पौंडांना घेतला. पावती नाही, आधी कुणाकडे होता याचा कागद नाही. विक्रेता "अस्सल आहे" म्हणाला आणि मी भुलले.

बाबा कोल्हापूरला इतिहास शिकवायचे. ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेला पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाचा ब्राँझचा पुतळा दाखवायला त्यांनी आम्हाला टाऊन हॉल म्युझियममध्ये किती वेळा नेलं असेल! हिंदुस्थान दरवर्षी 5 कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, ही रोमन लेखक प्लिनीची तक्रार आम्हाला पाढ्यांसारखी पाठ होती. दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत ऑगस्टस आणि टायबेरियसचीच भरमार आहे. म्हणून हेच नाणं दिवाळीत बाबांच्या हातावर ठेवायचं होतं.

आता नाण्याबद्दल. व्यास 18 मिमी. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसरीकडे खुर्चीवर बसलेली, हातात फांदी घेतलेली स्त्री आणि 'पाँटिफ मॅक्सिम' ही अक्षरं. वजन 3.42 ग्रॅम, म्हणजे कमीच. चांगल्या नाण्याचं 3.7 च्या आसपास भरतं. काठावर साच्याचा सांधा दिसत नाही, कानस फिरवल्याच्या खुणा नाहीत, भिंगाखाली बुडबुड्यांचे खड्डेही नाहीत. अक्षरांच्या कडा धारदार आहेत. त्यामुळे साच्यात ओतलेली नक्कल वाटत नाही. पण राजाच्या नाकाच्या शेंड्याजवळ खसखशीएवढा लालसर ठिपका आहे. तिथली चांदी पापुद्र्यासारखी किंचित उचललीय आणि खालून हिरवट कळा आलीय.

मग नाणं दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून वजन केलं. 0.37 ग्रॅमची घट आली, म्हणजे घनता साधारण 9.2. चांदीची 10.5, तांब्याची 8.96. माझा काटा 0.01 ग्रॅमचा आहे, त्यामुळे आकडा 9.0 ते 9.5 मध्ये कुठेही असू शकतो, पण चांगल्या चांदीपर्यंत काही पोचत नाही. तीनदा करून पाहिलं.

आत तांबं आहे हे मी धरून चाललेय. प्रश्न एवढाच की मुलामा कधीचा? रोमन काळातले खोटे नाणेकरी तांब्याच्या चकतीवर चांदीचा पत्रा चढवून ती ठशाखाली ठोकत. संग्राहक त्याला 'फूरे' म्हणतात. तसं असेल तर बाबांना खऱ्या नाण्याइतकाच आनंद होईल. पण हल्ली कुणी विजेवर मुलामा चढवला असेल, तर मी ते त्यांना देणार नाही.

असं फूरे कुणी हाताळलं आहे का? उचललेल्या कडेला पत्र्याची जाडी भिंगातून ओळखता येते का? इथला एक सोनार मशीनवर तपासून देतो म्हणतोय, पण ते मशीन वरचा थरच वाचणार आणि चांदीच सांगणार, बरोबर ना? ठिपका मी टोकरलेला नाही, नाणं धुतलेलंही नाही. निघायला पाच आठवडे आहेत. फोटो कोणत्या बाजूने, कसल्या उजेडात काढू ते सांगा, लगेच टाकते.