तरुण संघाची नवी जबाबदारी: पहिलं वर्ष एकही नवा कार्यक्रम नको

नवा_कारभारी

सगळ्यांना सलाम.

जूनपासून आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. पुण्यातली जुनी मराठी प्रोटेस्टंट मंडळी. पद भारदस्त आहे, 'युवा संचालक'. मानधन पेट्रोलपुरतं. अनुभव म्हणाल तर दहा वर्षं शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गात, फळ्यावर नोहाचं तारू काढलं. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांच्या पहिल्याच बैठकीत विचारणा झाली, "मग यंदा नवीन काय?" मी म्हटलं, काहीच नाही. दोघांना एकदम खोकला आला.

तेच इथे मांडतो, हवं तेवढं झोडपा. नव्या माणसाने पहिलं वर्ष एकही नवा कार्यक्रम काढू नये. शिबिर नको, वर्शिप नाइट नको, छापील टी-शर्ट तर नकोतच. शनिवारची सभा, नाताळफेरी, उन्हाळ्याच्या सुट्टीतली बायबल शाळा जशी चालू आहे तशी चालू द्यावी आणि उरलेला सगळा वेळ घरोघर जाण्यात घालवावा.

हे डोक्यात आलं ते रजिस्टरमुळे. आधीच्या प्रमुखांनी खाकी पुठ्ठ्याची वही हातात दिली, तिच्या शेवटच्या पानावर कुठल्याशा मॅचचा स्कोअर. नावं ६१. शनिवारी येतात १४, त्यातली चार पंचांची मुलं, म्हणजे आणून बसवलेली. उरलेली ४७ कोण? यादी घेऊन बसलो तर १९ नावांपुढे चेहराच आठवेना, आणि मी याच मंडळीत लहानाचा मोठा झालो आहे.

आजवर २२ घरं झाली. एक मुलगी नर्सिंग करून नोकरीला लागली आहे, रविवारची ड्यूटी तिच्याच गळ्यात पडते. आम्ही मात्र 'विश्वासात थंडावली' म्हणून तिच्यासाठी प्रार्थना करत होतो. दोघं चाकणला कंपनीत, शिफ्टमध्ये. एक श्रीरामपूरकडचा मुलगा दर रविवारी शेवटच्या बाकावर असतो आणि उपासनेअखेरचा आशीर्वाद संपायच्या आत सटकतो. तो तर रजिस्टरातच नाही.

गेल्या आठ वर्षांत तीन प्रमुख झाले. तिघांनीही पहिल्याच वर्षी दणक्यात शिबिर केलं. भिंतीवर तिन्ही शिबिरांचे फोटो आहेत, त्यातली मुलं कुठे आहेत ते विचारू नका.

---

ड्रमवाला

दादा, त्या तिघांपैकी एक मी नाही, पण असू शकलो असतो, म्हणून लागलं.

शिबिर करणारा माणूस मूर्ख नसतो. त्याच्यासमोर पंचकमिटी बसलेली असते. ती 'किती घरं झाली' विचारत नाही, 'किती पोरं आली' विचारते. आणि बाहेर स्पर्धा केवढी आहे! हॉटेलच्या हॉलमध्ये भरणाऱ्या इंग्रजी-हिंदी फेलोशिप्स बघा. एसी, स्क्रीन, तयारीचा बँड, दाराशी हसून नाव विचारणारी समवयस्क मुलं. आपल्याकडे दाराशी कोण? चप्पल नीट ओळीत काढली का ते बघणारे काका. तुम्ही वर्षभर चहा पीत हिंडाल, तोवर १४ चे सहा होतील. आणि ते सहा कोण असतील ते तुम्हीच लिहिलं आहे: आणून बसवलेले चार, अधिक दोन.

पोरगं घरात भेटत नाही, कामात भेटतं. एका मुलाला मी तीन महिने फक्त केबली गुंडाळायला लावल्या. त्याच्या घरी मी कधी गेलो नाही. पण बाप दवाखान्यात होता तेव्हा रात्री दोनला त्याने फोन मला केला.

---

पेटीमास्तर

बँड, बँड, बँड. आमच्याकडे शनिवारी पडद्यावर मराठी गाणी रोमन लिपीत येतात. 'हृदय' हा शब्द एका मुलीने तीन आठवडे 'ह्रुडाय' म्हटला, कोणी सुधारला नाही. उपासना संगीत, आपलं गीतांचं पुस्तक, हातात दिलं की मुलं ते उघडतसुद्धा नाहीत, त्यांना देवनागरीचाच कंटाळा.

नगरच्या मातीत वाढलेला माणूस आहे मी. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि मराठी मंडळीला अभंग दिले, ओव्या दिल्या. त्यांची पदं आजही आपण गातो. तरुण संघाच्या नव्या प्रमुखाने नवीन काही करू नये हे मान्य, पण एक जुनं मात्र लगेच करावं. ढोलकी आणि टाळ कपाटातून बाहेर काढावेत. घरी जाऊन काय बोलणार? "अभ्यास कसा चाललाय?" एक पद नीट शिकवा, पोरगं घरी जाऊन गुणगुणेल, त्याची आजी रडेल. झाली गृहभेट.

---

ड्रमवाला

मास्तर, टिळकांचं नाव काढलंत म्हणून विचारतो. त्यांच्या आधी मंडळीत काय गात होते? बरीचशी परदेशी चालींवर बसवलेली भाषांतरं. टिळकांनी लोकांच्या कानात होतं ते घेतलं. त्या काळी तेच नवीन होतं, आणि काही बुजुर्गांनी नाकं मुरडली असणारच. १९१७ मध्ये तर ते मिशन सोडून 'देवाचा दरबार' घेऊन बसले. त्यांचं नाव घेऊन 'जुनं तसंच ठेवा' म्हणणं मला तरी जमणार नाही.

ह्रुडाय मात्र सुधारायला हवं होतं. ते चुकलंच.

---

पेटीमास्तर

नाकं मुरडली असतील. मीही मुरडली असती. पण मला पटण्यासारखा अभंग तरी समोर होता ना? तुमच्या बँडचं एक गाणं पाच वर्षं टिकलेलं दाखवा.

---

शब्बाथशाळेच्या_बाई

गाण्यांवरून भांडून झालं असेल तर एका गोष्टीकडे बघू या, जिच्यावर कोणीच काही बोललं नाही.

कारभारीदादा, "२२ घरं झाली" हे वाचून माझ्या मनात पहिला प्रश्न आला: बरोबर कोण होतं? रजिस्टरात १४-१५ वर्षांची मुलंमुलीही असणार, दृढीकरण, म्हणजे स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी, झालं की नाव तिथे चढतं. एकटा पुरुष, संध्याकाळी, आईवडील कामावरून यायचे आहेत. तुमच्या मनात काही नाही, हे मला ठाऊक आहे. पण तुमच्यानंतर जो येईल त्याच्या मनात काय असेल ते कोणाला ठाऊक? म्हणून नियम माणूस बघून करायचा नसतो.

आमच्याकडे गेल्या वर्षीपासून असं आहे. अठराच्या खालच्या मुलांकडे जाताना दोघं मोठे, त्यात एक बाई. दार उघडं. मुलांना वैयक्तिक मेसेज नाही, जे असेल ते ग्रुपवर, आणि ग्रुपमध्ये पालकही. सहलीत मुलामुलींच्या खोल्यांवर वेगवेगळी मोठी माणसं. सुरुवातीला मलाच 'संशयी' म्हणाले.

आणि २०१२ चा पोक्सो कायदा प्रत्येक तरुण-प्रमुखाने वाचलाच पाहिजे. मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका जरी आली, तरी कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'आधी पंचांत बसून बघू' ही सवलत त्यात नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं दडवलं तर एक वर्षापर्यंत. मंडळीची अब्रू झाकायला म्हणून आपल्या लोकांनी काय काय झाकलं आहे ते मी इथे लिहीत नाही.

तुम्ही म्हणता पहिल्या वर्षी नवीन काही नको. मग हा नियम नवीन आहे की नाही? आणि तो पहिल्या आठवड्यातच करावा लागतो.

---

नवा_कारभारी

बाई, उत्तर नाही माझ्याकडे. पहिल्या सात-आठ घरी एकटाच गेलो होतो. तीन ठिकाणी मुलगीच घरी होती, मी उंबऱ्यातूनच परतलो, पण ते संकोचानं. नियम म्हणून नाही. या रविवारी पंचांपुढे ठेवतो. आणि हो, हे नवीनच आहे, तेवढं माझं म्हणणं मी मागे घेतो.

ड्रमवाले, तुमच्या केबलींवर विचार करतोय.

---

वसईचा_गडी

जय ख्रिस्त. मी कॅथलिक, आमच्याकडे मंडळी नाही, धर्मग्राम (पॅरिश) म्हणतात. पण दुखणं तेच, फक्त शनिवारऐवजी मिस्सा सुटल्यावरचं.

तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यात एक गंमत दिसते. प्रमुख घरी जाईल, प्रमुख गाणी शिकवेल, प्रमुख केबली देईल. तरुण काय करणार, तर भेटले जाणार! पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये तरुणांसाठी 'ख्रिस्तुस व्हिव्हित' हे पत्र काढलं, त्यात त्यांनी तरुणांमधलं काम तरुणांनीच करायचं असं साफ म्हटलं आहे. मोठ्यांनी सोबत करायची, वाट मोकळी ठेवायची.

आणि विषय कुठले? आमच्याकडे फादर दिब्रिटोंनी हरित वसईसाठी लोकांना रस्त्यावर आणलं. पाणी, शेती, बिल्डर. माझे वडील तेव्हा विशीत होते. चर्चशी त्यांचं नातं त्या मोर्च्यांत जुळलं, कुठल्या युवा-सभेत नाही. तुमच्या ६१ जणांना विचारा बरं, त्यांना काय छळतं? खोलीभाडं, शिफ्ट, स्पर्धा परीक्षा. त्यावर तुमची शनिवारची सभा एक तास तरी बोलते का?

---

निवृत्त_पंच

खोकणाऱ्या दोघांत माझ्यासारखाच कोणी असणार, म्हणून पंचांची बाजू मांडतो.

पाळकांची बदली होते. युवा संचालकही नोकरी बदलली की हिंजवडीहून बंगळूरला. तुम्ही ६१ घरांशी जोडलेलं नातं तुमच्याबरोबर जातं. मागे उरते ती खाकी वहीच. निर्गमच्या १८ व्या अध्यायात इथ्रो जावयाला, मोशेला, काय सांगतो? सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसलास तर तूही झिजशील आणि लोकही. दहा-दहांवर नायक नेम.

अमेरिकेत मेन राज्यातल्या पोर्टलंडला क्लार्क नावाच्या पाळकाने १८८१ मध्ये ख्रिश्चन एंडेव्हर ही तरुणांची संघटना सुरू केली, ते याच धर्तीवर. प्रत्येक मुलाने शब्द द्यायचा आणि कुठल्या तरी समितीत राबायचं: एक प्रार्थनासभेची, एक नव्यांना हेरून आणणारी, अशा. ती चळवळ देशोदेशी पसरली. समिती हा शब्द ऐकून तुम्ही पोरं हसता, पण नव्यांना हेरणारी समिती असती तर तुमचा श्रीरामपूरचा मुलगा पहिल्याच रविवारी रजिस्टरात आला असता.

बजेट मागा. हिशेब द्या. नाताळफेरीच्या पाकिटांचा हिशेब तर दुसऱ्याच दिवशी. आमच्या काळी एका वर्षी तो मार्चपर्यंत लांबला. त्या मुलाने पैशाला हात लावला नव्हता, नुसता आळस. तरी तो मंडळीतून कायमचा गेला.

---

शेवटचा_बाक

हे सगळं वाचत होतो. नगर जिल्ह्यातला आहे, वय २०. तुमच्या मंडळीतलाच आहे की नाही ते सांगत नाही, पण आशीर्वादाआधी सटकतो मीसुद्धा.

का सटकतो ते कोणी विचारलंच नाही म्हणून सांगतो. उपासना सुटली की सगळे आपापल्या घोळक्यात उभे राहतात. आपण मधे खांबासारखे. मोबाइल काढायचा आणि कोणाशी तरी बोलतोय असं दाखवायचं. त्यापेक्षा निघालेलं बरं.

खोलीवर येऊ नका. पाच जण राहतो, एक रात्रपाळीवाला दिवसा झोपलेला असतो, बसायला जागा नाही. तुम्ही प्रार्थना करणार आणि मला टेन्शन की दोरीवरची चड्डी काढायची राहिली. घर असलेल्यांच्या घरी तरी काय होतं? गावाला पाळकसाहेब यायचे तेव्हा आई भजी तळायची आणि मला हाक मारून सांगायची, "शहाण्यासारखा बस." भेट आईची व्हायची.

बँड आवडतो. ढोलकी पण आवडते, माझे आजोबा वाजवायचे, मलाही येते थोडी. समितीचं माहीत नाही. शनिवारी सहाला सभा असते तेव्हा मी डिलिव्हरीला असतो, तोच सगळ्यात धंद्याचा टाइम. हे एवढ्या जणांत कोणाच्या लक्षात आलं नाही याचं नवल वाटलं.

---

पेटीमास्तर

कुठली ढोलकी वाजवायचे आजोबा? शाईची की मेणाची?

---

शेवटचा_बाक

ते माहीत नाही काका. डावीकडून घुमायची.

---

नवा_कारभारी

तू आमच्याकडचा आहेस की नाही ते विचारत नाही. पण खोलीवर नको, शनिवारी सहा नको, तर मग कधी आणि कुठे?

---

शेवटचा_बाक

सोमवारी ऑर्डर कमी असतात. अकरानंतर स्वारगेटला चहाच्या गाडीवर आम्ही सात-आठ जण असतो. त्यातले तिघं आपले आहेत, एक तुमच्या त्या रजिस्टरातला असेल कदाचित.

वही आणू नका.