विषय: मुंबई–सॅन फ्रान्सिस्को, नेमके किती तास धरायचे?

मंडळी, नमस्कार.

आई-बाबा जानेवारीत पहिल्यांदाच इकडे येताहेत, कोथरूडहून. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को अंतर साधारण १३,५०० किलोमीटर दिसतं. विमान ताशी ९०० ने उडतं म्हटलं तर पंधरा तास. येतानाची वेळ या हिशोबाला जुळते, पण परतीची सतराच्या वर दाखवताहेत. अंतर तेच, मग हे दोन तास जातात कुठे? बाबांना इन्सुलिन असतं, म्हणून काळजी वाटते.

— फ्रीमाँटहून

नमस्कार,

ते दोन तास वारा खातो. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो, आणि थंडीत त्याला भलताच जोर असतो. पाठीशी ताशी दीडशेचा वारा मिळाला की विमान जमिनीवरून हजाराच्या वर वेगाने सरकतं. तोच समोरून आला की साडेसातशेवर येतं.

नातीच्या पृथ्वीगोलावर मी एकदा दोरा ताणून पाहिला होता. मुंबईवरचं टोक धरून इकडे ओढला, तर तो थेट आर्क्टिक महासागरावरून गेला! ते तुमचे १३,५०० किलोमीटर. पण विमान रोज त्या दोऱ्यावरून जात नाही. एअर इंडियाची दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाली, ती अटलांटिकवरून. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ती पॅसिफिकवरून वळवली, म्हणजे पूर्वेकडे, वारा पाठीशी घेऊन. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० च्या आसपास गेलं आणि तरी प्रवास दोनेक तासांनी कमी झाला. मला हे अजूनही फार विलक्षण वाटतं.

तेव्हा किलोमीटर सोडा, तास मोजा, आणि तेही घरापासून घरापर्यंत. कोथरूड ते मुंबई विमानतळ घाटातली गर्दी धरून पाच तास, तिथे तीन तास आधी पोचायचं, मग विमानातले पंधरा-सोळा, इकडे इमिग्रेशनची रांग आणि तुमच्या घरापर्यंतची गाडी. सत्तावीस-अठ्ठावीस तास होतात. व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागून ठेवा, चालता येत असलं तरी. रांगेत उभं राहणंच जास्त दमवतं.

घड्याळाचं मात्र नीट समजावून सांगा. जानेवारीत आपण भारताच्या साडेतेरा तास मागे. दुपारी चारला निघालेलं विमान साडेपंधरा तास उडून त्याच तारखेला संध्याकाळी सहाला इथे उतरतं. माझ्या आईने पहिल्या खेपेला याच गोंधळात रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली होती. नंतर प्रत्येक वेळी तिच्या हातात भारताच्या वेळेचं घड्याळ ठेवलं, इथे पोचून दोन दिवस होईपर्यंत. इन्सुलिनचे डोस किती तासांनी, हे डॉक्टरांकडून निघण्याआधी लिहूनच घ्या. आणि इन्सुलिन हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट. सामानाच्या बॅगेत ते गोठू शकतं.

— सनीवेलहून

काका, मनापासून आभार. बाबांकडे किल्लीचं जुनं घड्याळ आहे, पण ते रोज पाच मिनिटं मागे पडतं. दुसरं सेलवालं घ्यायला आजच सांगते. डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळाली आहे.

— फ्रीमाँटहून